दुसऱ्याच्या गच्चीवरची झाडं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला स्पष्टच सांगितलं, "मधुमेहावर दोघं बोलणार आहेत, गुंतवणुकीवर एक जण बोलणार आहे आणि नातवंडांबद्दल तर सगळेच बोलणार आहेत. तू तुझ्या त्या कुंड्यांबद्दल बोल. वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला घंटा." शाळेची घंटा अजून तीच आहे हे मघाशी पाहिलंय, त्यामुळे वेळ पाळते.

आपल्या १९७९ च्या तुकडीतल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मी बोन्सायच्या नादाला लागले आहे. बँकेतली नोकरी संपली, नाद संपला नाही. पण आज मी माझ्या झाडांबद्दल फारसं बोलणार नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्यांच्या झाडांबद्दल. या छंदातला निम्मा आनंद आणि निम्म्याहून जास्त शिक्षण दुसऱ्याच्या गच्चीवर, दुसऱ्याच्या बाल्कनीत उभं राहून मिळतं. आणि त्या जाण्यायेण्यातून एक प्रश्न माझ्यासमोर येऊन उभा राहिला आहे. तो आपल्या वयाच्या सगळ्यांचा आहे, बोन्साय करा किंवा करू नका. तो शेवटी सांगते.

आधी थोडं प्राथमिक. 'बोन्साय' हा जपानी शब्द. 'बोन' म्हणजे उथळ तबक किंवा कुंडी आणि 'साय' म्हणजे लावणं. तबकात लावलेलं झाड, इतकाच त्याचा अर्थ. ही कला मुळात चीनची, जपानमध्ये ती वाढली आणि तिथून जगभर गेली. मराठीत 'वामनवृक्ष' असाही छान शब्द आहे. वड, पिंपळ, उंबर, चिंच, डाळिंब, बोगनवेल, कामिनी अशा आपल्या ओळखीच्या कितीतरी झाडांचं बोन्साय होतं. झाडाची जात वेगळी नसते. वडाचं बी तेच, फांदी तीच. मुळांची आणि फांद्यांची वेळच्या वेळी छाटणी, उथळ कुंडी, तारेनं दिलेलं वळण आणि रोजचं पाणी, एवढ्यावर हे सगळं चालतं.

यावर दोन आक्षेप मला प्रत्येक लग्नात ऐकावे लागतात. पहिला, की हा झाडावर अन्याय आहे. आपण सातारकर आहोत, म्हणून कासचं उदाहरण देते. कासच्या पठारावर कातळावर वीतभर माती असते, वर वारा आणि धो धो पाऊस. तिथली झुडपं खुजीच राहतात, आणि म्हाताऱ्या झाडासारखी दिसतात. तिथं त्यांना कुणी तार बांधलेली नसते. कुंडीतल्या झाडाला उपाशी ठेवून ते लहान राहतं हा समज चुकीचा आहे. उपाशी ठेवलेलं झाड लहान राहत नाही, मरतं. उलट त्याला शेतातल्या झाडापेक्षा जास्त वेळा खत घालावं लागतं, कारण मूठभर मातीत ते साठवणार किती? एवढं सांगूनही ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. झाडाबद्दल कळवळा वाटणारा माणूस माझा शत्रू कसा असेल?

दुसरा आक्षेप वास्तुशास्त्राचा. बोन्साय ठेवलं की घराची वाढ खुंटते म्हणतात. यावर डोंबिवलीतल्या एका गृहस्थांनी दिलेलं उत्तर मी पाठ केलंय. ते म्हणाले, "आमच्या घराची वाढ बिल्डरनं कधीच खुंटवली. साडेतीनशे फुटांवर. झाडं नंतर आली."

या गृहस्थांकडेच आधी नेते तुम्हाला.

ते लोकलचे निवृत्त मोटरमन. दुसऱ्या मजल्यावरचं घर, गॅलरी नाही. खिडकीला बाहेर काढलेलं लोखंडी ग्रिल, आणि त्या ग्रिलमध्ये चौदा झाडं. सगळी वीतभर किंवा त्याहून लहान. कुंड्या विकत घेतलेल्या फक्त तीन. बाकी ॲल्युमिनियमच्या जुन्या ताटल्या, तळाला भोकं पाडलेल्या. प्रत्येक ताटली तारेनं ग्रिलला आवळून बांधलेली, कारण खाली रस्ता आहे, माणसं चालतात. ऊन येतं सकाळी अकरापर्यंतच. म्हणून दर रविवारी ते प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवतात, म्हणजे महिन्याभरात झाडाच्या चारी बाजूंना ऊन मिळतं. झाड एका अंगाला कलत नाही. मोटरमनच्या नोकरीत वेळ पाळायची सवय लागलेली. रविवार सकाळ, सात वाजता, पाव फेरा. गेली अठरा वर्षं.

तिथं मी पाहिला एक वड. उंची असेल अकरा-बारा इंच, आणि त्याला पाच पारंब्या. त्यातल्या तीन मातीत उतरून जाड झालेल्या, दोन खोडांसारख्या उभ्या. मी पुण्यात राहते. माझ्या वडाला पारंबी फुटायची ती दोन इंचांवर येऊन वाळून जायची. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुमच्याकडं हवेत पाणी नाही. आमच्याकडं जूनपासून हवाच ओली." मग त्यांनी आतून एक सरबताची नळी आणली. ती उभी चिरायची, आत ओलं शेवाळ भरायचं आणि पारंबीभोवती हलकेच लावून नळीचं खालचं टोक मातीत खुपसायचं. पारंबी त्या ओलाव्यात वाढत खाली उतरते. एकदा मातीला टेकली की तिचं मूळ होतं आणि मग ती जाड व्हायला लागते. नळी काढून टाकायची. पुढच्या पावसाळ्यात माझ्या वडाची पहिली पारंबी मातीला लागली.

ही युक्ती पुस्तकात असते, नाही असं नाही. पण पुस्तकातली नळी आणि त्या माणसाच्या हातातली नळी यात फरक आहे. किती घट्ट लावायची, शेवाळ किती दाबायचं, हे बोटांनी दाखवावं लागतं.

प्रदर्शनं मी पाहतेच. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईला राणीच्या बागेत भरतं. तिथं झाडं बघायला जरूर जावं. पण प्रदर्शनात झाड लग्नाला निघाल्यासारखं येतं. कुंडी पुसलेली, तार काढलेली, मातीवर शेवाळाची हिरवी गादी, आणि झाडाची पुढची बाजू तुमच्याकडे. घरी गेलं की मागची बाजू दिसते. कापलेल्या फांदीची भरत आलेली जखम दिसते. तारा गुंडाळलेलं, अजून काहीच रूप नसलेलं झाड दिसतं. पिठ्या ढेकूण लागून वेगळं काढून ठेवलेलं झाड दिसतं. आणि त्या माणसानं केलेल्या खटपटी दिसतात. शिकायचं असतं ते तिथं असतं.

आता सांगलीला चला.

तिथल्या बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या गच्चीवर दोनशेच्या वर झाडं आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहाबरोबर माझ्यापुढं एक हजेरीपट ठेवला. खराखुरा, शाळेचा असतो तसा. प्रत्येक झाडाला हजेरी क्रमांक. पुढं रकाने: कुठून आलं, कधी आलं, कुंडी कधी बदलली, पानं कधी काढली, खत कधी दिलं. झाड आजारी असेल तर 'रजा'. आणि मेलं तर लाल शाईत 'गैरहजर', पुढं कारण. मी ती लाल पानं वाचत बसले. "पाणी साचलं, भोक बुजलेलं." "मुळं जास्त कापली." "मे महिना, भाचीचं लग्न, चार दिवस." दुसरं कुणी असतं तर मेलेल्या झाडाची कुंडी धुऊन ठेवली असती आणि विषय संपवला असता. बाईंनी प्रत्येकाचं कारण लिहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी त्यांच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा दागिन्यांच्या डब्याबरोबर हे हजेरीपट त्यांनी वरच्या मजल्यावर नेले.

बाईंकडं एक डाळिंब आहे. आटपाडीकडच्या एका शेतकऱ्यानं तेल्या रोगाला कंटाळून बाग उपटून टाकली. बांधावर खोडं पडली होती, सरपणाला जाणार होती. बाईंनी त्यातली तीन आणली, वर्षभर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवली. दोन गेली, एक फुटलं. पिळवटलेलं जुनं खोड, निम्मं वाळून पांढरं पडलेलं आणि उरलेल्या निम्म्यातून हिरव्या फांद्या. मी गेले तेव्हा त्याला एकच डाळिंब लागलेलं होतं, चांगलं मुठीएवढं. फूटभर झाडावर ते इतकं मोठं दिसत होतं की मला हसू आलं. बाई म्हणाल्या, "पानं लहान होतात ग, फळ नाही होत. फळ आपल्याच मापाचं येतं." हे खरं आहे. वड-पिंपळाची पानं वेळेवर काढली की नवी पानं लहान येतात. पण फूल आणि फळ आपला आकार सोडत नाही.

आणि चिंच. बियांपासून वाढवलेली, बावीस वर्षांची. बोलता बोलता संध्याकाळ झाली तेव्हा बाई म्हणाल्या, "आता बघ." त्या दीड फुटाच्या चिंचेनं हळूहळू पानं मिटून घेतली, रस्त्याकडेची मोठी चिंच मिटते तशीच. आम्ही दोघी गच्चीच्या कट्ट्यावर गप्प बसून होतो. एवढ्याशा कुंडीत राहूनही ते झाड चिंचेचंच झाड होतं.

कुणाकडं झाडं बघायला जायचं तर काही रीत पाळावी लागते, तीही सांगून ठेवते. न विचारता झाडाला हात लावायचा नाही, आणि कुंडी तर उचलायचीच नाही. किंमत विचारायची नाही. "वय किती?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यापेक्षा "हे तुमच्याकडं कसं आलं?" असं विचारा, समोरचा माणूस खुलतो. उभ्यानं वरून बघू नका. गुडघे साथ देत असतील तर थोडं वाका, नजर झाडाच्या मध्यावर आणा आणि बुंध्यापासून बघायला सुरुवात करा. मुळं मातीतून कशी बाहेर आली आहेत, खोड वर जाताना कसं निमुळतं झालंय, पहिली फांदी कुठून निघाली आहे. मग शेंड्याकडं जा. तेवढ्यात ते झाड मोठं होतं. आपण त्याच्याखाली उभे आहोत असं वाटायला लागतं. तसं वाटलं की समजावं, करणाऱ्याचं काम साधलं.

लेकीची नोकरी तीन वर्षं जपानमध्ये होती. तिच्याकडं गेले तेव्हा तोक्योच्या उत्तरेला सायतामा शहरात ओमियाचं बोन्साय गाव पाहिलं. त्याची हकिकत तुम्हाला आवडेल. १९२३ साली तोक्यो परिसरात मोठा भूकंप झाला, आगी लागल्या. शहरातल्या बोन्सायवाल्यांना मोकळी जागा, चांगली माती आणि स्वच्छ पाणी हवं होतं. त्यातले काही जण ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये हे गाव वसलं. तिथं राहायला येणाऱ्यांसाठी त्यांनी चार नियम केले. घरात किमान दहा बोन्साय हवीत. घराला कुंपण जिवंत झाडांचं हवं. घर दुमजली बांधायचं नाही. आणि फाटक सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं.

दुमजली घर का नाही, हे गच्चीवर झाडं ठेवणाऱ्याला सांगावं लागत नाही. शेजाऱ्याच्या झाडांवर सावली पडते. पण मला सगळ्यात विचार करायला लावला तो शेवटच्या नियमानं. भूकंपात सगळं हललेली माणसं नवीन गाव वसवताना लिहून ठेवतात की फाटक उघडं ठेवा, कुणीही येऊन झाडं बघू दे. आज तिथं जुन्या बागा थोड्याच उरल्या आहेत, पण फाटकं उघडी आहेत. मानसेइ-एन नावाच्या बागेत काही झाडं अशी आहेत की ज्यांना पाणी घालणाऱ्या माणसांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. याच बागेचे साबुरो कातो यांनी पुढाकार घेतला आणि १९८९ मध्ये पहिलं जागतिक बोन्साय संमेलन ओमियाला भरलं. तिथं फिरताना एक गोष्ट लक्षात आली. तीनशे वर्षांचं झाड एका माणसाचं असूच शकत नाही. ते कुणाकडून तरी आलेलं असतं आणि कुणाकडं तरी जायचं असतं. मधल्या काळात पाणी घालायची पाळी आपली.

आता तो प्रश्न.

पुण्यात आमच्या भागात एक गृहस्थ होते. त्यांच्याकडं चाळीसेक झाडं, उत्तम ठेवलेली. एका एप्रिलमध्ये ते अचानक गेले. घरात दुःख, पाहुणे, विधी, धावपळ. गच्चीवर जायचं कुणाच्या ध्यानात येणार? एप्रिल-मे महिन्यात उथळ कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागतं. लहान कुंडी दोन दिवस कोरडी राहिली तरी झाड जातं. तेराव्याला आम्ही दोघं-तिघं भेटायला गेलो आणि सहज वर गेलो. त्यांच्या पत्नी मागून आल्या. कुणी काही बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "मला माहीतच नव्हतं हो, एवढं लागतं यांना." यात कुणाचा दोष नव्हता. फक्त कुणालाच काही माहीत नव्हतं. त्यांच्याकडं झाडं बघायला जाणारे आम्ही दहाजण तरी होतो, आणि त्या तेरा दिवसांत पाणी घालायला जावं असं कुणाला सुचलं नाही, कारण तशी रीतच आम्ही कधी ठरवलेली नव्हती.

ती रीत आम्हाला शिकवली आपल्याच तुकडीतल्या एका मित्रानं. तो इथंच बसलाय. नाव घेऊ नकोस, असं त्यानं बजावलंय.

हा सदाशिव पेठेत राहायचा. त्याच्याकडं बासष्ट झाडं होती, आणि त्यातली बहुतेक वाड्यांच्या भिंतींतली. पेठेतले जुने वाडे पडायला लागले की हा ठेकेदाराला गाठायचा. हातात छिन्नी, हातोडी आणि ओलं गोणपाट. भिंतीच्या फटीत पक्ष्यानं टाकलेल्या बियांतून उगवलेले पिंपळ, वड, उंबर असतात ना, ते तो सोडवून आणायचा. भिंतीतल्या झाडाची मुळं दगड-विटांच्या मधून पसरून चपटी झालेली असतात, हाताच्या पंज्यासारखी. उथळ कुंडीला अशी मुळं म्हणजे मोठी देणगी. वाडा गेला, पण वाड्याची झाडं याच्याकडं राहिली. कुठला पिंपळ कुठल्या वाड्याच्या कुठल्या भिंतीतला, हे त्याला तोंडपाठ होतं.

मग त्याचीच इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षांसाठी भाड्याचं घर, दोन खोल्या आणि एक खिडकी. बासष्ट झाडांचं काय? विकत घेणारा एक जण आला होता, भावही बरा देत होता. पण त्याला फक्त निवडक नऊ हवी होती. मित्रानं त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मग आम्ही नऊ घरांमध्ये ती झाडं वाटून घेतली. सांगलीच्या बाईंच्या हजेरीपटाची नक्कल केली. प्रत्येक झाडाबरोबर एक पान: आत्तापर्यंत काय केलं, पाणी किती, पानं कधी काढायची. अटी तीनच. विकायचं नाही. पहिलं वर्ष मोठी फांदी कापायची नाही. आणि महिन्याला एक फोटो पाठवायचा.

तीन वर्षांनी इमारत उभी राहिली. झाडं परत न्यायची वेळ आली, तर नव्या गच्चीवर सौर पॅनेल, लिफ्टची खोली आणि सोसायटीचा ठराव की सामायिक गच्चीवर कुंड्या ठेवायच्या नाहीत, स्लॅब गळतो. ठरावही चुकीचा नाही. मग हिशेब असा झाला: अकरा झाडं याच्या बाल्कनीत परत गेली. चार त्या तीन वर्षांत मेली. सत्तेचाळीस झाडं जिथं होती तिथंच राहिली, आणि आता हा दर रविवारी एकेका घरी स्वतःचीच झाडं बघायला जातो.

मी एकदा त्याच्याबरोबर कोथरूडला गेले होते. तिथं त्याचा एक पिंपळ आहे, त्याची डावी खालची फांदी यानं सहा वर्षं जपून वाढवली होती. त्या दिवशी पाहिलं तर ती फांदी नव्हती. ज्यांच्याकडं झाड होतं त्यांनी ती कापली होती. पहिलं वर्ष कधीच उलटून गेलं होतं, त्यामुळे अट मोडली असं म्हणता येत नव्हतं. हा वाकून बराच वेळ बघत राहिला. कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "जखमेला काय लावलंत?" एवढंच विचारलं. परत येताना रिक्षात गप्प. कर्वे रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "मी कापली नसती." थोड्या वेळानं म्हणाला, "पण झाड त्यांच्याकडंच वाढतंय." कापणं बरोबर होतं की चूक, ते त्याला अजून ठरवता आलेलं नाही. परवा मी विचारलं, तर म्हणाला, "पुढच्या पावसाळ्यात बघू, शेजारचा फुटवा जोर धरतोय."

मला वाटतं, सोडून देणं म्हणजे काय ते या एका वाक्यात आहे. आवडलेलं नाही, पण जाणं थांबवलेलं नाही.

अजून एक झाड सांगते, मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा, १९७६ मध्ये, जपाननं त्यांना ५३ बोन्साय भेट दिली. ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहेत. त्यात एक जपानी पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. तो दिला मासारू यामाकी या हिरोशिमाच्या बोन्सायकारानं. तिथं पंचवीस वर्षं त्याची नीट देखभाल झाली. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचं झाड बघायला आले, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा तिथल्या लोकांना कळलं की ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा हे झाड हिरोशिमातच होतं, स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर, घराच्या बागेत भिंतीच्या आड. घरातली माणसंही वाचली आणि झाडही वाचलं. आजोबांनी झाड देताना याचा गवगवा केला नव्हता. नातू बघायला आले नसते तर ही गोष्ट त्या झाडाला कधी मिळाली असती, सांगता येत नाही. पाणी घालणारे एकीकडं होते, गोष्ट माहीत असलेले दुसरीकडं. दोघांची भेट व्हावी लागली.

मित्रांनो, आपण सगळे साठीच्या पुढं आलो. कुणाकडं झाडं आहेत, कुणाकडं पुस्तकं आहेत, कुणाकडं वडिलांनी जमवलेली नाणी, आईची तांब्या-पितळेची भांडी, ग्रामोफोनच्या तबकड्या. मुलं बंगळूरला, न्यू जर्सीत, नाहीतर पुण्यातच पण सातव्या मजल्यावर. त्यांना या वस्तूंबद्दल प्रेम नाही असं नाही, त्यांना माहिती नाही. पुस्तकं, भांडी वर्षभर थांबतील. झाडं दोन दिवसही थांबत नाहीत, म्हणून झाडांनी हा प्रश्न मला जरा लवकर विचारला.

माझ्याकडं याचं मोठं उत्तर नाही, पण तीन छोटी कामं आहेत. पहिलं, लिहून ठेवा. काय आहे, कुठून आलं, त्याला काय लागतं. हजेरीपट दुकानात मिळतो. दुसरं, आपल्यानंतर कोणती वस्तू कुणाकडं जावी हे आजच त्या माणसाला सांगा, आणि त्याला हवी आहे का तेही विचारा. नको म्हणाला तर राग मानू नका. तिसरं आणि महत्त्वाचं, फाटक उघडं ठेवा. लोकांना बघायला बोलवा, आणि तुम्हीही जा. ज्यानं तुमच्या घरी येऊन चार वेळा ते झाड पाहिलंय, त्यालाच वेळ आली तर सुचेल की पाणी घालायला जायला हवं.

बाहेर नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. तिचे दोन भाग केले आहेत. पहिल्या भागात, ज्यांच्याकडं झाडं आहेत त्यांनी नाव, गाव आणि झाडांची संख्या लिहावी, पाच असली तरी चालतील. दुसऱ्या भागात, ज्यांच्याकडं गच्ची, अंगण किंवा चार तास ऊन येणारी खिडकी आहे आणि मे महिन्यात घरी असतात, त्यांनी लिहावं. बोन्साय येत नसलं तरी चालेल, पाणी घालता आलं म्हणजे झालं. बाकीचं आम्ही येऊन दाखवू. सकाळपासून पहिल्या भागात सहा नावं आली आहेत आणि दुसऱ्यात दोन. हे प्रमाण जेवणाच्या आधी बदललं पाहिजे.

घंटा हातात घेतलेली मला दिसते आहे. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, वर्गात आपण एवढे शांत कधीच नव्हतो. बाईंनी आणि सरांनीही कान न पकडता बोलू दिलं.